दुबईतील सोळा तास आणि दहाची लाल नोट

वाघोलीत केसनंद फाट्याजवळच्या एका गृहसंकुलात राहणारे काका आणि काकू गेल्या जून महिन्यात कन्येकडे टोरांटोला निघाले, तेव्हा तिकिटावरील एका ओळीवरून घरात पंधरा दिवस मतभेद चालू होता. मुंबईहून निघालेले विमान दुबईला सकाळी साडेअकराला उतरणार आणि टोरांटोचे विमान तेथून रात्री साडेतीनला सुटणार होते. मधले सोळा तास रिकामे होते. काकांचे म्हणणे सरळ होते. वय अडुसष्ट, रक्तदाबाची गोळी चालू, बाहेर बेचाळीस अंशांचे ऊन. तेव्हा विमानतळाच्या थंड इमारतीत दोन डुलक्या आणि एक वर्तमानपत्र एवढ्यात सोळा तास सहज निघतात. नगर रस्त्यावर वाघोली ते विमाननगर एवढ्या प्रवासात ज्याने आयुष्यातील कित्येक तास घालवले आहेत, त्याला बसून राहण्याची सवय असतेच, असेही ते वर म्हणाले.

काकूंनी वाद घातला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, “अहो, तुम्ही बसा. मला खाडी पाहायची आहे.”

या वाक्याचा अर्थ काकांना ठाऊक होता, म्हणून ते पुढे काही बोलले नाहीत. काकूंचे वडील, घरात सारे त्यांना बापूजी म्हणत, काळबादेवीतील एका कापड पेढीत हिशेबनीस होते. पेढीने दुबईत शाखा काढली, तेव्हा १९५८ मध्ये त्यांना तिकडे पाठवण्यात आले. काकूंचा जन्म त्यानंतरच्या वर्षीचा. मुंबईहून कराचीमार्गे आखातात जाणाऱ्या ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटीने ते दोन वर्षांतून एकदा घरी येत. याच मार्गावरील ‘दारा’ नावाच्या आगबोटीवर ८ एप्रिल १९६१ रोजी दुबईजवळ स्फोट झाला आणि २३८ माणसे दगावली. बापूजी त्या बोटीवर नव्हते. तथापि त्यांचे पत्र हाती पडेपर्यंत घरात चूल धड पेटली नव्हती, असे काकूंची आई सांगत असे. बापूजी कायमचे परतले ते १९६६ च्या पावसाळ्यात. सोबत एक ट्रंक, दोन पोपटी साड्या आणि पाकिटात घडी न घातलेली दहा रुपयांची एक लालसर नोट. ती नोट त्यांनी कधी खर्च केली नाही आणि तिच्याविषयी कधी फारसे सांगितलेही नाही. त्यांच्यामागे ती काकूंकडे आली आणि आज ती वाघोलीतील एका बँकेच्या लॉकरमध्ये आहे.

या नोटेची हकीकत आज फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगणे योग्य ठरेल. ब्रिटिश अमदानीत आखातातील या छोट्या शेखराज्यांचा कारभार मुंबई सरकारच्या आणि पुढे हिंदुस्थान सरकारच्या अखत्यारीतून पाहिला जाई. दुबईतील पहिले टपाल कार्यालय १९०९ मध्ये उघडले, तेही हिंदुस्थानी टपाल खात्याचे, हिंदुस्थानी तिकिटे विकणारे. तेथील समुद्रात मिळणारे मोती मुंबईच्या बाजारात विकले जात आणि मुंबईचा तांदूळ, कापड व मसाले गलबतांनी तिकडे जात. व्यवहार ज्या गावाशी, चलनही त्याच गावचे, या न्यायाने दुबई, अबुधाबी, कतार, बहारीन, कुवेत येथे आपला रुपयाच चाले. स्वातंत्र्यानंतरही तो चालत राहिला.

अडचण निर्माण झाली ती सोन्यामुळे. स्वतंत्र भारतात सोन्याच्या आयातीवर निर्बंध होते आणि देशातील भाव बाहेरच्यापेक्षा बराच चढा होता. चोरटे व्यापारी भारतातील रुपये आखातात नेत, तेथे सोने घेत आणि ते गलबतांतून लपवून किनाऱ्यावर उतरवत. आखातातील बँकांकडे जमलेले हे रुपये मुंबईला परत येत आणि त्यांच्या मोबदल्यात रिझर्व्ह बँकेला पौंड मोजावे लागत. थोडक्यात, चोरीच्या सोन्याची किंमत देशाच्या परकीय गंगाजळीतून चुकती होत होती. यावर १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती करून तोडगा काढण्यात आला. केवळ आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा छापण्यात आल्या. भारतात दहाची नोट जांभळट होती, आखातासाठी ती लाल झाली. शंभराची निळी नोट तिकडे हिरवी झाली. क्रमांकाआधी झेड हे अक्षर आले. मूल्य तेच, सही रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचीच, पण मुंबईच्या दुकानात ती चालत नसे. बापूजींच्या पाकिटातील नोट ती हीच.

पुढे ६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाचे अवमूल्यन केले. डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपये झाला. पौंड १३ रुपये ३३ पैशांचा होता, तो २१ रुपयांचा झाला. आखाती रुपया भारतीय रुपयाशी जोडलेला असल्याने त्याचीही किंमत त्याच दिवशी तितकीच उतरली. सामान्य माणसाला वाटेल की खात्यातील शंभर रुपये शंभरच राहिले, मग नुकसान कोणाचे? हिशेबनिसाला मात्र ते ताबडतोब दिसते. बापूजींच्या पेढीचे येणे रुपयांत होते, कारण गिऱ्हाईक उधारीवर रुपयांतच माल नेत असे. देणे मात्र पौंडांत होते, कारण माल बराचसा विलायती असे. शंभर पौंडांची जी हुंडी आदल्या दिवशी १३३३ रुपयांत भागली असती, तिला दुसऱ्या दिवशी २१०० रुपये लागणार होते. येणे वाढले नाही, देणे दीडपटीहून अधिक झाले. पेढीने तीन आठवड्यांत दुबईचे दुकान गुंडाळले. ती खातेवही स्वतःच्या हाताने बंद करणारा माणूस घरी येऊन त्याविषयी गप्पा मारत बसेल, अशी अपेक्षा करणे चूक होते.

आखाती राज्यांनीही मग रुपयाचा हात सोडला. कुवेत आणि बहारीन आधीच स्वतःच्या दिनाराकडे वळले होते. कतार आणि दुबईने १९६६ मध्येच आपला रियाल काढला. योगायोग असा की त्याच वर्षी दुबईच्या समुद्रात तेल सापडले. आजचा दिरहाम १९७३ चा.

तर काकूंना पाहायची होती ती ही खाडी. बुर्ज खलिफा, मोठमोठे मॉल, वाळूतील जीपगाड्या या गोष्टी त्यांनी मुलीने पाठवलेल्या यादीतून स्वतःच खोडून टाकल्या.

तयारी मात्र काकांनी केली आणि ती नीट केली. भारतीय पारपत्रधारकाला विमानतळाबाहेर पडायचे तर व्हिसा लागतो. अठ्ठेचाळीस तासांच्या ट्रान्झिट व्हिसाला शुल्क नाही, पण अर्ज प्रवासाआधी तेथील विमान कंपनीमार्फतच करावा लागतो; आयत्या वेळी खिडकीवर उभे राहून तो मिळत नाही. नियम बदलत असतात, म्हणून त्यांनी निघण्याच्या आठवड्यात तो पुन्हा पडताळून घेतला. मोठे सामान थेट टोरांटोच्या विमानात जाणार होते. दोन्ही विमानांत जैन भोजनाची नोंद त्यांनी आधीच केली होती. व्हीजेएमएल या सांकेतिक नावाने ती होते आणि किमान चोवीस तास आधी करावी लागते. सर्वांत महत्त्वाचे काम त्यांनी स्वयंपाकघरात केले. मुलीसाठी भरलेल्या डब्यांतून त्यांनी खसखशीची पुडी शोधून काढली आणि घरीच ठेवली. आपल्याकडे वाटणात आणि अनारशांवर सर्रास लागणारी खसखस संयुक्त अरब अमिरातीत अमली पदार्थांत मोडते आणि तिच्यापायी माणसे अटकेत गेली आहेत. रक्तदाबाच्या गोळ्या मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह घेतल्या. काही वेदनाशामक व खोकल्याची औषधेही तेथे पूर्वपरवानगीवाचून चालत नाहीत, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

खरा प्रश्न उन्हाचा आणि पाण्याचा होता. काकू चौविहार पाळतात; सूर्यास्तानंतर अन्न नाही आणि पाणीही नाही. वाळवंटातील जून, समुद्राकाठचा दमटपणा, चालणे आणि त्यापुढे चौदा तासांचे विमान. काकांना खाडीचे भय नव्हते; त्यांना भय होते ते या हिशेबाचे. त्यांनी हलक्या आवाजात सुचवूनही पाहिले की प्रवासापुरती सूट घ्यावी. काकूंनी मान हलवली नाही, पण दिवसाची आखणी मात्र स्वतः केली. सूर्यास्त कोणता धरायचा, पुण्याचा की दुबईचा, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. माणूस जेथे असेल तेथला सूर्य. गंमत म्हणजे दोन्ही गावांच्या घड्याळांत त्या दिवशीचा सूर्यास्त सव्वासातच्या आसपासच होता. फक्त दुबईचे घड्याळ दीड तास मागे असते.

दुपारी त्या बाहेर पडल्या नाहीत. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास कायद्याने बंदी आहे. ज्या वेळी मजुरालाही सावलीत बसवतात, त्या वेळी वयस्कर माणसाने रस्त्यावर हिंडू नये, हे त्यांचे तर्कशास्त्र काकांना निरुत्तर करणारे होते. दोघांनी विमानतळावर विश्रांती घेतली आणि दर अर्ध्या तासाने काकू पेलाभर पाणी प्यायल्या. साडेतीनला ते पारपत्र तपासणीतून बाहेर आले आणि टर्मिनलच्या दारातूनच मेट्रोत बसले.

२००९ मध्ये सुरू झालेली ही मेट्रो चालकाविना धावते. डब्यात खाणे-पिणे दंडनीय आहे आणि स्त्रिया व मुलांसाठी वेगळा भाग राखलेला असतो. युनियन स्थानकावर मार्ग बदलून ते अल रास येथे उतरले. पाताळातून वर येणाऱ्या सरकत्या जिन्याच्या टोकाशी जी हवा अंगावर आली, तिचे वर्णन काकांनी पुढे फोनवर मुलीला असे केले, की भाकरी उलटताना तव्यावरची वाफ तोंडावर येते, तसे. फरक इतकाच की येथे भाकरी आपण स्वतः. चष्म्याच्या काचा दमटपणाने क्षणात पांढऱ्या झाल्या. टोपी, सुती उपरणे आणि सावलीची बाजू धरून दोघे मसाल्याच्या बाजारातून धक्क्यावर आले.

धक्क्यावरून पैलतीरी जाणाऱ्या लाकडी होडीला अब्रा म्हणतात. मध्यभागी बाक, दोन्ही बाजूंना उघडे पाणी, वीसेक माणसे आणि भाडे एक दिरहाम, म्हणजे आपल्या चलनात विसाहून थोडे अधिक रुपये. कोट्यवधींच्या मोटारी ज्या गावात रस्तोरस्ती दिसतात, तेथे खाडी ओलांडण्याचा हा दर सामान्य कामकऱ्याला परवडेल असाच राहिला आहे, याची नोंद घेण्यासारखी आहे. काकूंनी दोन नाणी नावाड्याच्या हातावर ठेवली. पाण्यावर आल्यावर वारा सुटला आणि ऊन असूनही श्वास मोकळा झाला. धक्क्याला लाकडी गलबते उभी होती. त्यांवर चढवण्यासाठी शीतकपाटे, टायर आणि खोक्यांच्या थप्प्या होत्या. काकूंनी मोबाइलमध्ये बापूजींच्या नोटेचे छायाचित्र काढून आणले होते. त्या दहाच्या नोटेच्या मागील बाजूस शिडाचे एक जहाज आहे. छायाचित्र पाहून त्यांनी समोरच्या गलबतांकडे पाहिले आणि फोन मिटून पर्समध्ये ठेवला.

बापूजी येथे आले तेव्हा ही खाडी गाळाने भरत चालली होती. मोठ्या आगबोटी बाहेर समुद्रात नांगर टाकत आणि उतारूंना लहान होड्यांतून किनाऱ्यावर आणत. त्या वेळचे शासक शेख रशीद यांनी कर्ज काढून १९५९ पासून खाडीचा गाळ उपसला. तेल सापडण्याच्या सात वर्षे आधी, हाती पैसा नसताना घेतलेले हे कर्ज होते. व्यापाराची वाट मोकळी राहिली तर परतफेड होईल, हा त्यामागील अंदाज होता आणि तो खरा ठरला. दुबईच्या वैभवाचे श्रेय सर्वजण तेलाला देतात; कर्जप्रकरणे तपासलेल्या माणसाला मात्र ते गाळ उपसण्याच्या या कर्जात अधिक दिसेल.

पैलतीर म्हणजे बर दुबई. लाकडी छपराखालचा कापडबाजार, त्यामागे फुलांच्या माळा विकणारी हिंदी गल्ली. गुजराती, सिंधी, मल्याळी आणि अधूनमधून मराठीही कानावर पडते. मराठी माणसाने येथे नुसती नोकरीच केली असे नाही. महादेव दातार यांनी १९८४ मध्ये दुबईत काढलेले छोटे किराणा दुकान त्यांचे पुत्र धनंजय दातार यांनी वाढवत नेऊन आखातभर पोहोचवले. काकांना ते नाव ठाऊक होते, त्यामुळे अल आदिलची पाटी दिसताच त्यांचा चेहरा खुलला आणि उन्हाबद्दलची तक्रार थोडा वेळ थांबली.

काकू मात्र दुकानांच्या पाट्या वाचत होत्या. पेढीचे नाव त्यांना माहीत होते. दुकान कोणत्या रांगेत होते ते माहीत नव्हते. बापूजी एवढेच सांगत की गादीवर बसले की खाडीतील शिडे दिसत आणि दुपारी वरच्या मनोऱ्यातून वारा खाली येई. त्यांनी तीन दुकानांत विचारले. दोघे तरुण होते, नम्र होते, त्यांना काही माहीत नव्हते. तिसऱ्या दुकानातील पांढऱ्या केसांच्या सिंधी गृहस्थांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि नोटेचे छायाचित्र बराच वेळ निरखले. त्यांच्या वडिलांकडेही अशी नोट होती म्हणे, ती त्यांनी बदलून घेतली होती. पेढीचे नाव त्यांनी ऐकलेले नव्हते. “बहेनजी, छियासठमें बहुत लोग गये,” ते म्हणाले, “जो रह गये, वो आज मालिक हैं.” काकांना हे वाक्य थोडे लागले असावे. काकूंनी हसून नमस्कार केला.

दुकान सापडले नाही. मनोरे मात्र सापडले. कापडबाजारापासून थोड्या अंतरावर अल फहिदी ही जुनी वस्ती आहे. इराणच्या बस्तक भागातून आलेल्या व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वसवली म्हणून तिला पूर्वी बस्तकिया म्हणत. प्रवाळाच्या दगडांच्या जाड भिंती, दोन माणसे जेमतेम जातील अशा गल्ल्या आणि घरांवर चौकोनी मनोरे. या मनोऱ्याला बरजील म्हणतात. तो चारही बाजूंनी उघडा असतो आणि आत फुलीच्या आकाराच्या उभ्या भिंती असतात. वारा कोणत्याही दिशेने आला तरी एका कप्प्यात अडतो आणि खाली खोलीत उतरतो. समोरच्या कप्प्यातून खोलीतील तापलेली हवा वर निघून जाते. विजेवाचून चालणारी ही सोय होती. एका घरात, बरोबर मनोऱ्याखाली, दगडी ओटा होता. काकू त्यावर बसल्या आणि वर पाहत राहिल्या. हवा गारही नव्हती आणि गरमही नव्हती, पण हलत होती. काकांनी घड्याळ दाखवले नाही. दहा-बारा मिनिटे कोणीच काही बोलले नाही. मग काकू म्हणाल्या, “आठ वर्षं इथं काढली त्यांनी. मी समजत होते, आमच्याकडे यायला त्यांना आवडत नसेल.”

काकांनी पाण्याची बाटली पुढे केली.

सहा वाजता त्यांनी मीना बाजारातील एका गुजराती भोजनगृहात जैन थाळी घेतली. कांदा-लसूण नको, कंदमूळ नको हे तेथे समजावून सांगावे लागले नाही. पावणेसातला ते पुन्हा खाडीकाठी आले. समोर देरा भागातील इमारतींवर पिवळट ऊन होते आणि मशिदीच्या मनोऱ्यांमागे आकाश धुरकट होत चालले होते. काकूंनी सावकाश, घोट घोट करून, अख्खी बाटली संपवली. सात वाजून पाच मिनिटांनी त्यांनी झाकण लावले, हात जोडले आणि पच्चक्खाण घेतले. काकांनीही त्या दिवशी पुढे पाणी घेतले नाही. असे त्यांनी पूर्वी कधी केल्याचे काकूंना आठवत नव्हते. अर्थात रक्तदाबाची रात्रीची गोळी ते सव्वासातच्या आतच घेऊन मोकळे झाले होते, हेही सांगितले पाहिजे.

परत जाताना अब्राच्या भाड्यासाठी काकूंनी पर्समध्ये हात घातला, तेव्हा हाताला तीन दिरहाम लागले. दिरहामच्या नाण्यावर एका बाजूस अरबी कॉफीची चोचदार सुरई असते. दोन नाणी त्यांनी नावाड्याला दिली. नऊ वाजता दोघे विमानतळावर पोहोचले, म्हणजे विमानाला साडेसहा तास शिल्लक होते. काकांनी वर्तमानपत्र उघडले आणि दुसऱ्या पानावरच त्यांना झोप लागली.

नोव्हेंबरमध्ये ते वाघोलीला परतले. दिवाळीचे दागिने ठेवण्याच्या निमित्ताने काकू बँकेत गेल्या आणि लॉकरमधील पाकिटात, लाल नोटेच्या शेजारी, ते तिसरे नाणे ठेवून आल्या.